न दिसता दाबलेलं बटण

आधी कबुली देऊन टाकतो, म्हणजे पुढचं लिहायला सोपं जाईल. माझ्या आजाराचं निदान व्हायला सात महिने उशीर झाला. त्यात डॉक्टरांची चूक नव्हती, मशीनची नव्हती, नशिबाचीही नव्हती. मी तपासणीत कॉपी केली. एकोणचाळीस वर्षांचा घोडा, एका मुलीचा बाप, आणि डोळ्यांच्या तपासणीत कॉपी करून पास झालो.

ज्यांना हल्ली डोळ्यांनी काहीतरी कमी दिसतंय आणि जे अजून घरात बोललेले नाहीत, त्यांच्यासाठी हे लिहितोय. त्यात धीर वगैरे फारसा सापडणार नाही. मी पहिल्या दिवसापासून घाबरलेलो होतो आणि आजही आहे. सुसाट येणाऱ्या रबरी चकतीसमोर जो माणूस पोटासाठी उभा राहतो त्याला भीती वाटत नसेल, असा लोकांचा समज असतो. साफ खोटं आहे ते. त्याला भीती लपवता येते, एवढंच.

गोली

मी मूळचा पुण्याचा, येरवड्याचा. शाळेत सिमेंटचं एक स्केटिंगचं मैदान होतं, तिथे चाकांच्या बुटांवर हॉकी खेळायचो. मी जाडा आणि संथ, म्हणून मला गोलात उभं केलं. पुढे बर्फावरची हॉकी आली, आणि त्यातही गोलच. या खेळात चेंडूऐवजी रबराची जाड चकती असते, तिला पक म्हणतात, आणि ती अडवणाऱ्याला गोली. आई नातेवाइकांना कौतुकाने सांगायची, “आमचा संदेश परदेशात गोली आहे.” आमच्या एका मावशीने ते बरीच वर्षं ‘गोळी’ असं ऐकलं, आणि पोरगा कसली गोळी घेतो हे विचारायची तिची हिंमत झाली नाही.

अकरा वर्षांत मी नऊ संघांकडून खेळलो. पोलंड, रोमेनिया, कझाकस्तान, कोरिया. मोठ्या शहरांत नाही, जिथे बर्फ पडल्यावर दुपारपर्यंत काळा होतो अशा गावांत. करार एका मोसमाचा, कधी महिन्याचा. पेपरात फोटो येणारा मी कधीच नव्हतो. बहुतेक ठिकाणी मी दुसरा गोली, म्हणजे संघाच्या बाकावर टोपी घालून बसायचं, दार उघडायचं, बाटल्या भरायच्या, आणि पहिल्याचं काहीतरी बिघडायची वाट बघायची. बोलायला वाईट वाटतं, पण काम तेच असतं.

माझ्या दुसऱ्याच संघात मारेक नावाचा पहिला गोली होता. भला माणूस. मला त्याने जुने पॅड दिले, जेवायला घरी नेलं. एका सामन्यात त्याच्या मास्कवर पक बसला. मध्यंतरात त्याने ट्रेनरला प्रामाणिकपणे सांगितलं, की मला एकाचे दोन दिसतायत. त्याला बसवलं आणि मला उतरवलं. मी बरा खेळलो. पुढचा सामनाही मलाच मिळाला, त्याच्या पुढचाही. पंधरा दिवसांनी मारेकने बॅग भरली. जाताना माझ्याशी हात मिळवला आणि मोडक्या इंग्रजीत एवढंच म्हणाला, की आपल्या धंद्यात डोळ्याचं बोलू नये.

मी कानाला खडा लावला. तुटलेल्या बोटाने खेळलो, तापात खेळलो, आणि दुखतंय हा शब्द तोंडातून काढला नाही.

बूट

सिंगापूरला आलो ते अनघाच्या नोकरीमुळे. अनघा माझी बायको. तिचा भाऊ माझ्याबरोबर शाळेत स्केटिंग करायचा, तिथली ओळख. ती जुरोंग आयलंडवरच्या एका केमिकल प्लांटमध्ये सेफ्टी इंजिनियर आहे. सकाळी गळ्यात पास अडकवून कंपनीच्या बसने जाते आणि दिवसभर कुठे काय फुटू शकेल याचा विचार करते. आम्ही बुकित बातोकला भाड्याच्या फ्लॅटमध्ये राहतो. इथल्या आइस रिंकवर मला गोलींना शिकवायचं काम मिळालं, आणि हौशी मंडळींच्या लीगमध्ये ज्या संघाचा गोली आला नसेल त्याच्यासाठी मी उभा राहायचो. बाहेर उकाडा आणि आत बर्फ, असं आमचं बरं चाललं होतं.

मग बूट घट्ट व्हायला लागले. गोलीचे बूट भट्टीत तापवून पायाच्या आकारात बसवतात, ते उगाच घट्ट होत नाहीत. पण मी म्हटलं, इथली दमट हवा. सामान दुरुस्त करणाऱ्याकडून मशीनवर ताणून घेतले. वर्षाने पुन्हा घट्ट. पुन्हा ताणून घेतले. तो म्हणाला, आता कातडं फाटेल. मी नवे बूट घेतले, एक माप मोठे, आणि कंपनीने मापं बदलली असं सगळ्यांना सांगत सुटलो. लग्नातली अंगठी निघेना. मास्क कपाळावर रुतायला लागला, तर मी आतला फोम काढून टाकला. माझी नऊ वर्षांची मुलगी ईरा एकदा फोटो बघताना इथल्या सिंगापुरी इंग्रजीत म्हणाली, “बाबा, युअर नोज गॉट बिगर, लाह.” आम्ही दोघंही हसलो. वय वाढतं तसं नाकही वाढतं, असं मीच तिला सांगितलं.

आज ते आठवलं की स्वतःच्या मुस्काटात मारावीशी वाटते. माणसाचा पाय अडतिसाव्या वर्षी वाढतो कधी? पण बूट चावतो तेव्हा बूट बदलायचा असतो, पायाकडे बघायचं नसतं, अशी माझी सवय.

दिवे

त्यानंतर बाजूने गोल जायला लागले. समोरचे मी सगळे अडवायचो. डावीउजवीकडून येणारा पक मात्र मला एकदम जवळ आल्यावरच दिसायचा. घरात टेबलावरचे पेले कोपराने पडायला लागले. एमआरटीच्या, म्हणजे इथल्या मेट्रोच्या स्टेशनवर माणसं माझ्या अंगावर यायची आणि मी मनात त्यांनाच शिव्या द्यायचो. रिंकवर मी एक युक्ती काढली. तसं सगळेच गोली करतात, मागे न बघता काठीने गोलाचा डावा खांब ठोकायचा, मग उजवा, म्हणजे आपण कुठे उभे आहोत ते कळतं. मी जरा जास्तच ठोकायला लागलो.

अनघाने डोळ्यांच्या दवाखान्यात वेळ घेतली. तिला वाटलं चष्म्याचा नंबर असेल. नंबर नव्हता, म्हणून त्यांनी दुसरी तपासणी सांगितली. एका पांढऱ्या वाडग्यासारख्या मशीनमध्ये तोंड घालायचं, एक डोळा झाकायचा, मधल्या ठिपक्याकडे एकटक बघायचं, आणि आजूबाजूला कुठेही बारीक दिवा चमकला की हातातलं बटण दाबायचं. तपासणी घेणारी फरीदा नावाची एक मलय बाई होती, हिजाबवाली, गोड आवाजाची. तिने मला अंकल म्हटलं. आधी मला त्याचंच वाईट वाटलं.

तपासणी सुरू झाली आणि मिनिटभरात माझं धाबं दणाणलं. मशीन आतून बारीक घर्र करायचं, म्हणजे दिवा लागलेला असणार. आणि मला तो दिसत नव्हता. घर्र, काही नाही. घर्र, काही नाही. डावीकडे काही नाही. वाडग्यात तोंड घालून बसलेल्या त्या अंधाऱ्या खोलीत मला मारेक आठवला.

आणि मी बटण दाबायला लागलो.

गोली पक बघून अडवत नाही, तेवढा वेळ नसतो. काठीचा आवाज, खांद्याचा कल, मागच्या चार फटक्यांची लय, यावरून तो अंदाज बांधतो. मी तेच केलं. आवाज आला की दाबलं. फरीदाने तपासणी थांबवली आणि म्हणाली, अंकल, दिवा नसतानाही तुम्ही दाबताय, ते मशीन मध्येच नुसता आवाज करून फसवतं. पुन्हा करू. तिने प्रेमाने सांगितलं आणि माझ्या हातात शत्रूची चालच दिली. दुसऱ्या वेळी मी शहाणा झालो होतो. काही दाबले, काही सोडले, लय पकडली. फरीदाने कागद बघितला, मग माझ्याकडे बघितलं. “डोन्ट गेस, अंकल,” ती म्हणाली. “सी, देन प्रेस.” मी मान डोलावली.

डॉक्टर म्हणाले, कडेला थोडं कमी वाटतंय, थकवा असेल, सहा आठवड्यांनी पुन्हा या. मी घरी सांगितलं, सगळं ठीक आहे, वयाचं आहे. सहा आठवड्यांनी फोन आला तेव्हा मी लीगचे सामने आहेत म्हणून वेळ पुढे ढकलली. मग पुन्हा ढकलली.

हनुवटी

शनिवारची सकाळ होती. ईरा आणि मी घरामागच्या रस्त्याने पोहायच्या क्लासला निघालो होतो. ती माझ्या डाव्या हाताला. रस्ता ओलांडायच्या आधी मी थांबलो, मान वळवली, माझ्या मते दोन्हीकडे बघितलं, आणि तिला म्हणालो, चल.

सायकलवाला जोरात नव्हता म्हणून वाचलो. त्याने ब्रेक दाबला, तरी हँडल ईराला लागलं आणि ती तोंडावर पडली. हनुवटी फुटली. पांढऱ्या टीशर्टवर एवढं रक्त. सायकलवाला बिचारा थरथरत होता, पुन्हा पुन्हा सांगत होता की यांनी माझ्याकडे बघितलं, सरळ माझ्याकडे बघितलं आणि तरी पुढे आले. ईरा रडत रडत तेच म्हणाली. “बाबा, आय थॉट यू सॉ हिम.”

मी तिला उचलून टॅक्सीत घातलं.

रुग्णालयात तिच्या हनुवटीला चार टाके पडले. टाके घालणारा डॉक्टर तरुण होता, फार बोलत नव्हता. ईराने माझा हात घट्ट धरलेला. काम झाल्यावर त्याने तिच्याकडे नाही, माझ्या हाताकडे बघितलं. मग माझ्या तोंडाकडे. मग शांतपणे विचारलं, की गेल्या काही वर्षांत तुमच्या बुटाचं माप वाढलंय का?

मी पाय खुर्चीखाली ओढून घेतले.

पडद्यावरची सुपारी

निदानाचा दिवस गुरुवार. मोठ्या मशीनमध्ये घालून डोक्याचे फोटो काढले होते. सर्जन बाई साधारण माझ्याच वयाची, बारीक चणीची, केस आखूड कापलेले. तिने पडद्यावर दाखवलं. मेंदूच्या तळाशी, नाकाच्या बरोबर मागे, वाटाण्याएवढी एक ग्रंथी असते. तिच्यावर सुपारीएवढी गाठ वाढलेली होती. ती गाठ माझे हातपाय वाढवत होती आणि वर डोळ्यांच्या नसांना दाबत होती, म्हणून दोन्ही बाजूंचं दिसणं जात चाललं होतं. कॅन्सर नाही, असं तिने पहिल्याच मिनिटाला सांगितलं. अनघाने तेव्हा श्वास सोडला. मी नाही सोडला, कारण मला एकच गोष्ट ऐकायची होती.

दिसणं परत येईल का, मी विचारलं. ती म्हणाली, नस किती दिवस दाबलेली आहे त्यावर आहे. लवकर काढली तर बरंच येतं. फार उशीर झाला असेल तर नाही येत. आणि काढलीच नाही तर राहिलेलंही जाईल.

किती दिवस, हा आकडा त्या खोलीत फक्त मला माहीत होता.

सर्जनने दिव्यांच्या तपासणीचा सात महिन्यांपूर्वीचा रिपोर्ट मागवला होता. तो बघून तिच्या कपाळाला आठ्या पडल्या. ही गाठ सात महिन्यांची नाही, काही वर्षांची आहे, मग तेव्हाच्या तपासणीत एवढं थोडंच नुकसान कसं दिसलं? ती स्वतःशीच म्हणाली, यंत्राचा काही दोष असेल, आणि पान उलटलं. पण माझ्याशेजारी सेफ्टी इंजिनियर बसली होती. तिने पान उलटलं नाही.

खाली रुग्णालयाच्या फूड कोर्टात बसलो. अनघाने दोन कोपी आणल्या, म्हणजे इथली घट्ट दुधाची कॉफी, आणि ती गार होईपर्यंत वाट बघितली. मग विचारलं, त्या दिवशी काय झालं होतं? मी आधी इकडचं तिकडचं बोललो. मग सांगितलं. मारेकपासून सगळं.

तिने कोपीचा कप बाजूला सारला. तिला रागाने थरथरताना मी त्याआधी एकदाच बघितलं होतं, तिच्या प्लांटमध्ये कोणीतरी सारखा वाजतो म्हणून धोक्याचा अलार्म बंद करून ठेवला होता तेव्हा.

“तू अलार्म बायपास केलास,” ती म्हणाली. “संदेश, आमच्याकडे अलार्म वाजला म्हणून कुणाला घरी पाठवत नाहीत. बायपास केला म्हणून पाठवतात.”

मी गार कोपी ढवळायला लागलो.

“मी काय तुझी कोच आहे? बाकावर बसवीन म्हणून घाबरलास मला?”

मग ती रडली. भर फूड कोर्टात, चिकन राइसच्या ट्रेशेजारी. नंतरचे चार दिवस माझ्याशी कामापुरतंच बोलली. फॉर्म भरले, सुट्टी टाकली, ईराच्या शाळेत कळवलं, माझ्या गोळ्यांचा डबा भरला, आणि नजर वर केली नाही. त्या चार दिवसांत गाठीची जितकी भीती वाटली नाही तितकी मला तिच्या गप्प बसण्याची वाटली.

ऑपरेशनच्या आधी पुन्हा ती दिव्यांची तपासणी होती. पुन्हा फरीदा. मी तिला म्हणालो, मागच्या वेळी मी अंदाजाने दाबत होतो. ती म्हणाली, मला वाटलंच होतं. मग हळूच म्हणाली, खूप जण करतात, अंकल, घाबरलेले सगळेच करतात. त्या दिवशी मी खरं दाबलं. निकालाच्या कागदावर दोन्ही डोळ्यांच्या बाहेरच्या बाजू शाई सांडल्यासारख्या काळ्या होत्या. तो कागद मी घडी घालून खिशात ठेवला आणि दवाखान्याच्या संडासात जाऊन उलटी केली.

आई

आईला फोनवर सांगितलं, की गाठ आहे आणि ऑपरेशन करून ती नाकातून काढणार आहेत. तिने दोन वेळा विचारलं, नाकातून कसं काय मेंदूपर्यंत जातात? मी सांगितलं, जातात, इथे रोज करतात. ती यायला निघाली होती, मीच नको म्हटलं. मग तिने विचारलं, “घाबरलास ना?”

आयुष्यभर या प्रश्नाला मी नाही म्हणत आलो होतो. या वेळी हो म्हणालो.

“बरं झालं बोललास,” ती म्हणाली. “लहानपणी पडलास की आधी इकडेतिकडे बघायचास, कोणी बघितलं का म्हणून. रडायचं नंतर.” ऑपरेशनच्या सकाळी ती विहारात जाऊन वंदना घेणार होती. तुझ्या इथल्या आठ वाजता म्हणजे आमचे साडेपाच, मी विहार उघडून घेईन, चावी आपल्या काकूकडेच आहे, असं म्हणाली. काहीतरी करायला मिळाल्यावर तिचा आवाज स्थिर झाला.

बोटं

ऑपरेशनच्या सकाळी मला चाकाच्या पलंगावरून नेलं. छतावरचे दिवे एकेक करून मागे जात होते, आणि मला फक्त मधले दिसत होते. अनघा बरोबर चालत होती. ती माझ्या डावीकडे होती हे मला तिच्या हातावरून कळत होतं. दारापाशी ती वाकली आणि म्हणाली, “मी इथेच आहे.” मी म्हणालो, मला खूप भीती वाटतेय. ती म्हणाली, मलाही. त्या फूड कोर्टानंतर आम्ही एकमेकांशी बोललेलं ते पहिलं धड वाक्य.

शुद्धीवर आलो तेव्हा डोळे बंद होते, आणि मी ते उघडेना. नर्सने नाव घेऊन हाक मारली, मी हूं केलं, पण डोळे उघडले नाहीत. उघडले आणि काळंच असलं तर? बंद आहेत तोवर तरी ते बंद आहेत म्हणून काळं आहे. मी हात पसरून आधी पलंगाचा डावा कठडा बोटांनी ठोकला, मग उजवा. खांब जागेवर होते. तेव्हा कुठे डोळे उघडले. समोर धूसर, पिवळट उजेड होता आणि त्यात एक चेहरा. “हाऊ मेनी फिंगर्स?” चेहऱ्याने विचारलं.

त्यानंतरचे दिवस याच प्रश्नावर गेले. तासातासाला कोणीतरी यायचं, बोटं दाखवायचं, किती म्हणून विचारायचं. लघवी मोजायचे. नाकात बोळे होते, तोंडाने श्वास, घसा कोरडाठक. शिंकायचं नाही, आणि आलीच तर तोंड उघडून. शिंकरायचं नाही, वाकायचं नाही, जोर करायचा नाही. घशात खारट पाणी येतंय का, असं रोज विचारायचे, कारण तसं आलं तर ते मेंदूभोवतीचं पाणी असतं. झालं, मला दिवसभर सगळंच खारट लागायला लागलं. सूप खारट, पाणी खारट, थुंकी खारट. तीन वेळा मी घंटा वाजवली, तिन्ही वेळा काही नव्हतं. तिसऱ्या वेळी मी शरमून माफी मागितली, तर ती फिलिपिनो नर्स म्हणाली, तुम्ही शंभर वेळा वाजवा, न वाजवणाऱ्यांचीच आम्हाला भीती वाटते.

अनघा तेव्हा खुर्चीत बसली होती. तिने वर बघितलं नाही, पण ती हसली हे मला कळलं. मग तिने डबा उघडला आणि कोपऱ्यावरच्या हॉकर सेंटरमधून, म्हणजे इथल्या खाण्याच्या स्टॉलांवरून, आणलेली माशाची पेज मला भरवली. चव काही लागत नव्हती, पण गरम होती.

घर

घरी आल्यावर भीती कमी होईल असं वाटलं होतं. उलट वाढली. रुग्णालयात घंटा असते, घरात आपण आपले असतो. मी दर तासाला खिडकीत उभा राहून समोरच्या इमारतीचे मजले मोजायचो, किती रुंद दिसते ते बघायचो. कधी वाढल्यासारखी वाटायची, कधी नाही. दारातून जाताना हात आपोआप दोन्ही चौकटींना लागायचे. सकाळी उठल्या उठल्या एक गोळी, दुपारी एक, ती चुकवायची नाही, आणि गोळ्यांवर आहे असं सांगणारं कार्ड कायम खिशात. मावशीचं शेवटी खरं झालं.

ईरा पहिले काही दिवस माझ्यापासून जरा लांब राहायची. एका दुपारी मला खाली फिरायला जायचं होतं आणि वाकायची बंदी, म्हणून मी बूट घेऊन नुसता बसलो होतो. ती आली, जमिनीवर बसली आणि नाड्या बांधायला लागली. मान खाली घालूनच तिने इंग्रजीत विचारलं, की मी त्या दिवशी उजवीकडून चालले असते तर तू आजारी पडला नसतास का? दोन महिने पोर हे पोटात घेऊन फिरत होती.

मी तिला सांगितलं, की मी आधीपासूनच आजारी होतो, मला ते माहीत होतं, आणि मी सांगितलं नाही. चूक माझी होती, तुझी नाही. ती हनुवटीवरच्या व्रणावर बोट फिरवत विचार करत राहिली. “सो यू लाइड?” मी म्हटलं, हो. तिने दुसऱ्या बुटाची गाठ मारली, जरा जास्तच घट्ट. सवयीने मी ते सोसलं. मग लगेच म्हणालो, बेटा, घट्ट झालंय, सैल कर.

पुन्हा दिवे

तीन महिन्यांनी तपासणी होती. त्या सकाळी मला काही गिळवेना. तोच वाडगा, तोच मधला ठिपका, तीच फरीदा. तिने माझा उजवा डोळा झाकला, बटण हातात दिलं आणि या वेळी काही सांगितलं नाही.

सुरू झालं. घर्र, दिवा, दाबलं. घर्र, दिवा खाली डावीकडे, जिथे मागे शाई होती तिथे. मी दाबलं. पुन्हा खाली डावीकडे. दाबलं. मग घर्र झालं आणि कुठेच काही दिसलं नाही.

हे लिहितानाही अंगठा वळवळतोय. आवाज आला होता, लय मला कळत होती, दिवा वर डावीकडे असणार हे मला पक्कं ठाऊक होतं. सगळं आयुष्य मी हेच शिकत आलो होतो. गोलीचा डावा हात म्हणजे पक पकडायचा हात, आणि वरचा डावा कोपरा माझा. तिथे मी सहसा गोल जाऊ दिला नाही. मी अंगठा बटणावर ठेवला आणि दाबलं नाही. घर्र. दाबलं नाही. पुन्हा घर्र. तेही जाऊ दिलं. वाडग्यात डोळ्यांतून पाणी येत होतं, तर फरीदाने थांबवून टिश्यू दिला आणि म्हणाली, सावकाश, अंकल.

सर्जनने कागद बघितला. उजवा डोळा जवळजवळ पूर्ण आलाय. डाव्याचा खालचा भाग आलाय. वरचा डावा कोपरा नाही आलेला. अजून काही महिन्यांत थोडा येईल, किंवा येणारही नाही. गाठीचा एक बारीक तुकडा शिल्लक आहे, त्यावर लक्ष ठेवावं लागेल. चालू शकाल, शिकवू शकाल, रस्ता ओलांडताना मान पूर्ण वळवा. गोलात उभं राहायचं का, हे तिने विचारायच्या आधीच मी नको म्हणालो.

अनघा प्लांटवरून थेट येणार होती. ती पोचली तेव्हा मी बाहेरच्या बाकावर बसलो होतो. तिच्या गळ्यात पास तसाच, केस हेल्मेटने चप्प बसलेले. “काय म्हणाले?” तिने विचारलं. तिचा चेहरा बघून माझ्या जिभेवर जुनं वाक्य आलं होतं. सगळं ठीक आहे.

“डावीकडे वर दिसत नाही,” मी म्हणालो.

ती शेजारी बसली नाही, समोर उभी राहिली. मला उजवा डोळा झाकायला लावला, तिच्या नाकाकडे बघायला सांगितलं, आणि हात लांब करून डावीकडे वर धरला. कॉरिडॉरमधून माणसं जात होती, आमच्याकडे बघत होती.

“आता?”

“नाही.”

तिने हात थोडा खाली आणला असावा. बाहीची सळसळ ऐकू आली. “आता?”

“नाही.”

“आता?”

मला वाटलं दिसतंय. खूप वाटलं, पण तो अंदाज होता. “नाही,” मी म्हणालो.

ती थांबली. मग हात आणखी खाली आला, आणि माझ्या कानाच्या पातळीला, कडेवर, तिची दोन बोटं हळूच उगवली.

“दिसली,” मी म्हणालो. “दोन.”